हरला तो उतरला

“गेलो!” असं ओरडून अण्णा दोन्ही हात कपाळावर मारून घेत आणि बसल्या जागी मागे कोसळत. पहिल्यांदा पाहणारा माणूस पाणी आणायला धावायचा. आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या गल्लीला मात्र सवय झाली होती. संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायका एकमेकींना विचारायच्या, “काय गं, आज अण्णा गेले का न्हाय अजून?” आणि त्यात कुणाला काही अभद्र वाटत नसे.

अण्णा जायचे ते टीव्हीवर. पडद्यावरचा पांढरा ठिपका त्यांच्या दांडीला हुकवून कडेला नाहीसा झाला, की अण्णा गेले. मग पुन्हा उठून बसायचे आणि दाराकडे बघून पुकारायचे, “हरला तो उतरला! पुढचं कोण हाय? चला, आत सरका!”

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा अण्णा तुम्ही पाहिला असेल, जो स्वतःच्या घरात आपल्यालाच रांगेत उभं करतो, वर आपल्यावरच ओरडतो, आणि आपण चडफडत घरी येऊन दुसऱ्या दिवशी परत त्याच्याचकडे जातो.

ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. निपाणी, कोल्हापूर, खानापूर, सगळ्या गाड्या आधी कानडीत आणि मग मराठीत पुकारायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरीही आवाज तोच. पंगतीत वाढायला उभे राहिले तरी “मागचं पुढं या, मधी जागा मोकळी हाय” असं म्हणायचे. त्यांच्या तोंडी माणूस कधी आला-गेला नाही, तो चढला किंवा उतरला.

त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. आक्का बैलहोंगलकडच्या, माहेर अस्सल कानडी. पण लग्न होऊन आल्यावर त्यांनी मराठी अशी काही उचलली की गल्लीतल्या जन्मजात मराठी बायकांना भांडणात त्यांच्यापुढे शब्द सापडत नसत. दुपारी त्यांच्या कट्ट्यावर बायकांची ही गर्दी. कुणाची सून, कुणाची कळ, कुणाच्या पापडाचं पीठ बिघडलं, सगळ्याचा निकाल तिथंच लागायचा.

आणि एका सकाळी आक्कांची उजवी बाजू गेली. अर्धांगवायू. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच पडून राहायचा, आणि मराठी पार गेलेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, आईकडून आलेली भाषा तेवढी टिकते. ती तरी कुठं धड टिकली होती? ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘बर्रि’ म्हणजे या, ‘इरली’ म्हणजे असू द्या, असे मोजके शब्द मागे राहिले होते.

आता कानडी आमच्या गल्लीत कुणाला येत नव्हती असं नाही. बाजारापुरती सगळ्यांनाच यायची. तरी बायका यायच्या कमी झाल्या. सुरुवातीला मोसंबी घेऊन आल्या, आक्का जणू बहिऱ्या आहेत अशा मोठमोठ्यानं बोलल्या, पदर डोळ्याला लावून गेल्या. मग कट्टा रिकामा पडला. ज्या बाईनं आपल्याला वर्षानुवर्षं बोलून बोलून दमवलं, तिच्यासमोर गप्प बसायचं कसं, हे एकीलाही जमेना. मी तेव्हा समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, मराठी शाळेत शिकवत होते. मला चिडायला फारसं निमित्त लागत नाही, आणि त्या दिवसांत तर मी सगळ्या गल्लीवर चिडलेली असायची.

टीव्ही आला तो आक्कांच्या भावाकडून. ते बोटीवर होते. मुरगावला बोट लागली की काहीबाही घेऊन बेळगावला यायचे. बहिणीचं मन रमावं म्हणून त्यांनी परदेशातून टीव्ही आणला. भल्या माणसाच्या एवढंच लक्षात आलं नाही की बेळगावात तेव्हा टीव्हीवर दिसण्यासारखं काहीच नव्हतं. अण्णांनी छपरावर बांबूला बांबू बांधून अँटेना चढवली, सगळ्या गल्लीनं खालून “डावीकडं, अजून डावीकडं” म्हणून त्यांना फिरवलं, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. ढगाळ हवेत कधी तरी गोव्याचा एखादा माणूस मुंग्यांतून डोकं वर काढायचा आणि बुडायचा.

“नुसत्या मुंग्या बघायला एवढं ओझं आणलंय!” म्हणून अण्णांनी मेहुण्याच्या माघारी त्याचा उद्धार केला. मग खोक्याच्या तळाशी एक काळा डबा निघाला. त्याला दोन वायरी, दर वायरीच्या टोकाला हातात मावेल असं एक फिरवायचं बटण. अँटेनाची वायर काढायची, तिथं डब्याची खुपसायची. टीव्हीच्या मागे जागा एकच होती, दोन्ही एकदम चालायचं नाही. मुंग्या गेल्या आणि काळ्याभोर पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या उभ्या राहिल्या. मध्ये एक चौकोनी ठिपका. बटण फिरवलं की दांडी वर-खाली. ठिपका दांडीला लागला की ‘टुक’. झाला खेळ. ह्याहून त्यात काही नव्हतं.

पण बटण एका हातानं फिरवता येत होतं. अण्णांनी ते आक्कांच्या डाव्या हातात दिलं. आक्का बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग दांडी हलली. ठिपका अण्णांच्या बाजूनं निसटला आणि अण्णा ओरडले, “गेलो!”

कानडीत ‘गेल्लु’ म्हणजे जिंक. मराठी विसरलेल्या आक्कांना वाटलं, नवरा आपल्याला जिंक म्हणतोय. आजारपणानंतर त्या पहिल्यांदा हसल्या, तोंडाच्या एकाच बाजूनं. तिथून अण्णा प्रत्येक डावाला “गेलो” म्हणायला लागले. ह्यातली त्या दोघांची गंमत गल्लीला कळायला वेळ लागला. नवरा बोंबलतोय की आपण गेलो, आणि बायको त्याचा हुकूम मानून त्याला हरवतीय. असा संसार मी दुसरा पाहिला नाही.

आठवडाभरात गल्ली परत आली. आधी आवाज ऐकून, मग खेळ बघायला, मग खेळायला. त्या डब्याची खरी करामत मला तेव्हा कळली. पडद्यावर दोन रेघा आणि एक ठिपका, पण त्याच्यापुढे दोन माणसं मांडीला मांडी लावून बसलेली असायची. कोपर लागायचं, कुणी दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे पदर धरायची, मागून सल्ले यायचे, शिव्या यायच्या. एरवी रस्त्यात मान वर न करणाऱ्या सासवा-सुना एकमेकींवर खेकसायच्या. आणि ह्या सगळ्यात बोलावं लागायचं नाही. आक्कांशी काय बोलू हा प्रश्नच मिटला. त्यांच्याशेजारी बसायचं, हरायचं, आणि त्यांनी पाठीत घातलेला डाव्या हाताचा धपका खायचा. तोच कट्टा आता घरात भरला होता.

कटकट होती ती अण्णांच्या नियमाची. जिंकला तो बसून राहणार, हरला तो उतरणार. आता आक्कांचा डावा हात असा काही बसला होता की त्या हरतच नसत. म्हणजे एक बटण कायमचं आक्कांकडे, आणि बाकी सगळी गल्ली दुसऱ्यासाठी ताटकळत. मला हा सरळ अन्याय वाटायचा. एकदा मी म्हटलंच, “अण्णा, प्रत्येकाला दोन-दोन डाव द्या. माझ्या वर्गात मी असंच करते.”

“बाई, तुमची शाळा तिकडं,” अण्णा म्हणाले. “हितं बसला त्यो बसला.”

“मग आम्ही काय नुसतं उभं राहायचं?”

“उभ्यानं परवास करायची सवय पायजे. पुढची गाडी अजून अर्ध्या तासानं हाय.”

मी तणतणत घरी आले. मग एक दिवस मी लवकर गेले होते. खोलीत कुणी नव्हतं आणि अण्णा आक्कांना खुर्चीवरून उठवत होते. एक हात काखेत, एक कमरेला, आक्कांचा पाय फरशीवर घासत होता आणि लुगडं सुटत होतं. मला बघून आक्कांनी मान फिरवली. तो नियम कशासाठी होता ते मला त्या दिवशी कळलं. चारचौघांत त्यांना एकदाही उठावं लागू नये म्हणून अण्णांनी अख्ख्या गल्लीला उठबशा काढायला लावल्या होत्या.

पण मुद्दाम हरलेलं त्यांना खपायचं नाही. बँकेत कामाला असलेले एक शेजारी होते, फार दयाळू. ते आक्कांसमोर बसले की बटण सोडून द्यायचे आणि “वा आक्का, वा!” म्हणायचे. अण्णांनी ते ओळखलं. सगळ्यांसमोर म्हणाले, “उतरा खाली. परत ह्या गाडीत चढायचं न्हाय.”

“अहो, मी त्यांना बरं वाटावं म्हणून...”

“तिला लई चांगलं कळतंय. हात गेलाय तिचा, डोस्कं न्हाय गेलं. उतरा!”

बँकेतले साहेब खरंच महिनाभर आले नाहीत. परत आले तेव्हा जीव तोडून खेळले आणि तरीही हरले. त्या दिवशी आक्कांनी त्यांना जो धपका घातला, त्यात त्यांचा चष्मा उडाला. त्या माणसाच्या तोंडावर असा आनंद मी बँकेच्या खिडकीमागे कधी पाहिला नव्हता.

सगळं गोडच होतं असं समजू नका. दिवे जायचे, आणि गेले की माणसं निम्म्या डावात उठून घरी. दुपारी अण्णा स्टँडवर, बायका कामात, तेव्हा आक्का एकट्या. डब्याला एक खटका होता, तो दाबला की समोर नुसती भिंत यायची आणि एकट्यानं तिच्यावर ठिपका मारत बसता यायचं. मी म्हटलं, “दुपारी तेवढं लावून देत जा की आक्कांना.” अण्णा माझ्यावर असे भडकले की विचारू नका. “भित्ताडासंगं खेळायला ती काय जेलात हाय, बाई?” त्या खटक्यावर त्यांनी चिकटपट्टी मारून टाकली. मला राग आला, पण माणूस म्हणत होता ते खरं होतं. शेजारी कुणी बसलं नाही तर त्या डब्यात दोन रेघांपलीकडे काहीही नव्हतं.

आणि मग बेळगावात टीव्ही दिसायला लागला. खरा टीव्ही. छपरावरचे तेच बांबू, तीच वायर, आणि मुंग्यांच्या जागी स्वच्छ माणसं, बातम्या, गाणी, रविवारी संध्याकाळी अख्खा सिनेमा. गल्लीत सेट एकच, अण्णांचा. पूर्वी यायची त्याच्या दुप्पट माणसं यायला लागली. आधी म्हणायची, “एवढं गाणं संपू दे, मग डाव लावू.” मग तेही म्हणायची बंद झाली. माणसं तीच, खोली तीच, मांडीला मांडी तशीच. पण कुणी कुणाला कोपर मारत नव्हतं. सगळी तोंडं पुढे. आक्का बटण मांडीवर घेऊन त्यांच्या खुर्चीवर बसून असायच्या आणि दाराशी नवीन कुणी आलं की बटण उचलून दाखवायच्या. येणारा हसून मान हलवायचा आणि पडद्याकडे बघत खाली बसायचा. मला त्या सगळ्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटायची.

एका रविवारी सिनेमा अर्ध्यात आला होता. अण्णा ड्यूटीवरून आले आणि दारातच थांबले. आक्कांची खुर्ची जागेवर नव्हती. त्यांच्या डोक्यानं मागच्यांना पडदा दिसत नव्हता, म्हणून कुणीतरी ती उचलून बाजूच्या भिंतीला लावली होती. तिथून त्यांना टीव्हीची कड तेवढी दिसत होती.

अण्णा माणसांच्या मांड्यांवरून पाय टाकत पुढे गेले. अँटेनाची वायर उपसली, डब्याची खुपसली. हिरोच्या जागी दोन दांड्या उभ्या राहिल्या.

“पुढचं कोण हाय?” अण्णांनी पुकारलं. “हिच्यासंगं कोण बसणार?”

मागून एकजण म्हणाला, “अण्णा, हे काय आता? सिनेमा संपू दे की.”

“न्हाय लागणार सिनेमा. खेळायचं आसंल त्यानं बसा. न्हायतर उतरा.”

सगळे उतरले. काही बडबडत, काही तसेच. खोली बघता बघता मोकळी झाली, चपलांचा आवाज गल्लीत विरला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी जाऊन आक्कांशेजारी बसले आणि दुसरं बटण हातात घेतलं.

आक्कांनी त्यांचं बटण खाली टाकलं. दाराकडे बघून त्या ओरडायला लागल्या, “बर्रि! बर्रि!” या, या. डावा हात खुर्चीवर आपटत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, “इरली. इरली.” असू द्या. बसू द्या त्यांना.

अण्णा वायर हातात धरून उभे होते. त्यांना वाटलं होतं की बायकोला खेळ हवाय. तिला माणसं हवी होती, पाठमोरी का होईनात. त्यांनी डब्याची वायर काढली, अँटेनाची लावली, कट्ट्यावर गेले आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारलं, “चला! लावलंय! आत सरका!”

मी म्हटलं, “अण्णा, कशाला परत बोलावता ह्या मेल्यांना?”

“मोकळी गाडी पळवून काय करायचं, बाई?” ते म्हणाले. त्यांनी आक्कांची खुर्ची उचलून बरोबर पडद्यासमोर ठेवली. आत येणाऱ्यांना म्हणाले, “हिच्या डोस्क्याआडून दिसत न्हाय त्यानं उभं ऱ्हायचं.” माणसं आली. कुणीतरी झोपलेलं तान्हं मूल आक्कांच्या मांडीवर दिलं. अण्णांना स्वतःच्या घरात बसायला जागा उरली नाही, ते सिनेमा संपेपर्यंत उंबऱ्यावर उभे होते.

तेही फार दिवस चाललं नाही. घरोघर सेट आले. माणसं भांडून गेली असती तर मला चाललं असतं, त्यांना बोलावून तरी आणता आलं असतं. ती नुसती आपापल्या घरी बसली. अण्णा आणि आक्का पुन्हा दोघंच खेळायला लागले. एकदा अण्णा मला म्हणाले, “दोघांत मजा न्हाय, बाई. हरून उतरायचं कुटं?” हे म्हणताना ते हसले नाहीत.

पुढे ते रिटायर झाले. खानापूरला त्यांची मुलगी दिली होती. आक्कांचं करायला बाईमाणूस हवं होतं, म्हणून त्यांनी तिकडे जायचं ठरवलं. गेल्यानंतर ते मला पुन्हा दिसले नाहीत. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. आक्का त्यांच्या मागे उरल्या.

खानापूरला निघाले ती रविवारची सकाळ होती. तुम्हाला आठवत असेल, त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका लागली की रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. आमच्या गल्लीत दारं बंद आणि प्रत्येक दारामागून एकच आवाज. माझ्याकडे टीव्ही नव्हता म्हणून मी तेवढी बाहेर. टेंपोत सामान चढलं होतं, आक्का पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या.

“अण्णा, हीच वेळ बरी सापडली तुम्हाला! थोडं थांबलात तर सगळे बाहेर येतील. मी हाक मारू का?”

“कुणालाबी हाक मारायची न्हाय,” अण्णा म्हणाले. “आज आम्ही निघणार हे सगळ्यास्नी म्हाईत हाय. ज्याला यायचं त्यो आलता आसता. गाडी वेळेत सुटली पायजे.”

ते मागे सामानात चढले, आक्कांच्या खिडकीच्या बाजूला. टेंपो निघाला. गल्ली चिंचोळी, दोन्ही बाजूंना दारं एकमेकांना लागून, त्यामुळे तो माणसाच्या चालीनं चालला होता. मी बरोबर चालत होते. पहिल्या दारापाशी आक्का खिडकीतून बाहेर वाकल्या आणि म्हणाल्या, “बर्तेनि.”

कानडीतही जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात.

दुसऱ्या दारापाशी पुन्हा, “बर्तेनि.” तिसऱ्या दाराला पुन्हा. बंद दार, आतून मालिकेचं संगीत, आणि आक्का वाकून त्या दाराला येते म्हणतायत. डावा हात खिडकीबाहेर काढलेला.

“कुनाला सांगतीयास गं?” अण्णा म्हणाले. “दारं लावल्यात.”

“बर्तेनि,” आक्का पुढच्या दाराला म्हणाल्या.

“थांब रं,” अण्णा ड्रायव्हरला म्हणाले.

ते उतरले. मागे चालत पहिल्या दाराशी गेले आणि कडी वाजवायला लागले. “बाहेर या! ती येते म्हणतीया! ऐकू येतंय का? बाहेर या!”

आतून कुणीतरी ओरडलं, “आलो, आलो. जाहिरात लागू दे.”

अण्णांनी ती कडी सोडली नाही. डावा हात लांबवून त्यांनी शेजारच्या दाराची कडी धरली आणि दोन्ही एकदम वाजवत राहिले.